प्रकाशाचा रहाट

वैशाखात आपल्या रत्नागिरीत अंगणोअंगणी आमसुलं आणि आंब्याची साठं वाळत पडतात. ऊन म्हणजे फुकटची शेगडी, अशी आपली समजूत. पण हळदीचा डाग पडलेलं धोतर उन्हात टाका. डाग फिका होतो. तेच धोतर काळ्या कापडाखाली झाका. ऊब तेवढीच, पण डाग तसाच. म्हणजे हे काम उष्णतेचं नव्हे, प्रकाशाचं.

मग औषधं, रंग बनवतानाही प्रकाशालाच का राबवू नये? इटलीतल्या बोलोन्याचे रसायनज्ञ जाकोमो चामिचान काचेचे चंबू गच्चीवर उन्हात मांडून प्रयोग करीत. कोळसा काही अक्षय नाही, पुढे धुराड्यांवाचून उन्हावर चालणारे कारखाने निघतील, असं त्यांनी १९१२ साली न्यूयॉर्कच्या व्याख्यानात सांगितलं.

अडचण एकच. पुष्कळ सेंद्रिय पदार्थ बिनरंगी. डोळ्यांना दिसणारा प्रकाश ते शोषतच नाहीत. अतिनील किरण ते शोषतात खरे, पण त्या किरणांच्या जोरापुढे नको ते बंधही तुटतात.

यावर तोड म्हणजे रंगीत मध्यस्थ. परदेशात १९७८ च्या सुमारास तसे प्रयोग झाले होते. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. गणेश पांडे यांनी हाच विषय धरला आणि १९९४ साली, दिसणाऱ्या प्रकाशावर चालणारी एक युक्ती सहकाऱ्यासह प्रसिद्ध केली. तिच्यात महाग धातू नव्हता. डायसायनोअँथ्रासीन नावाचा पिवळा सेंद्रिय पदार्थ होता.

ही युक्ती समजायला आपल्या वाडीतला रहाट आठवा. रहाटाचं गाडगं विहिरीतून पाणी घेतं, पन्हळीत ओततं आणि रिकामं होऊन परत खाली जातं. इथे गाडगं म्हणजे तो पिवळा पदार्थ, पाणी म्हणजे इलेक्ट्रॉन आणि रहाट फिरवणारा रेडा म्हणजे प्रकाश. इलेक्ट्रॉन मिळाला की लांबट रेणू वाकून स्वतःशीच जुळतो, त्याची कडी होते. गाडगं टिकतं, विहिरीतलं पाणी, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारं द्रव्य, मात्र खर्ची पडतं.

१९९९ साली पांडे यांना भटनागर पुरस्कार मिळाला. पुढे २००८ साली अमेरिकेत मॅकमिलन यांनी घरगुती पंधरा वॅटच्या दिव्यावर अशी रसायनं घडवली, तेव्हा कुठे जगभर या विषयाची लाट आली. पुण्याची पायरी तिच्या चौदा वर्षं आधीची, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

गुरुजी, हळदीत भिजवलेल्या दोन चिंध्या शाळेच्या अंगणात ठेवा, एक उघडी, एक झाकलेली. संध्याकाळी मुलांनाच विचारा, रंग कोणी नेला?