पेशी गोठविण्याची विद्या आणि पुणे

रोगप्रतिकारक पेशी, म्हणजे शरीरात शिरलेले जंतू ओळखून त्यांचा प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्तातून वेगळ्या काढल्यावर फार काळ तग धरीत नाहीत, म्हणून त्यांचा अभ्यास सवडीने करावयाचा तर त्या गोठविण्यावाचून गत्यंतर नसते. मात्र नुसत्या थंडीने पेशी टिकत नाही. आतल्या पाण्याचे स्फटिक तिला इजा करतात आणि बाहेरचे पाणी गोठताना दाट होत जाणारे क्षार तिला आक्रसवतात. १९४९ मध्ये लंडनच्या मिल हिल येथे पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांना शुक्रपेशींचे या इजेपासून रक्षण करणारे ग्लिसरॉल गवसले, तेही बाटल्यांच्या घोटाळ्यातून. १९५९ मध्ये लव्हलॉक व बिशप यांनी डायमिथाइल सल्फॉक्साइड पुढे आणले, आणि त्याच्या सुमारे १० टक्के द्रावणातील पेशी मिनिटाला साधारण १ अंश या गतीने थंड करून अखेर उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवण्याची रीत रूढ झाली.

पुण्यात या विद्येला हक्काचे घर मिळाले ते केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने १९८६ मध्ये स्थापलेल्या पेशीभांडारामुळे. पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र या नावाने ओळखली जाऊ लागलेली संस्था ती हीच. भांडाराचे काम संशोधकांना पेशी पुरविण्याचे. परंतु या संस्थेचे खरे मोल, निदान या इतिहासापुरते, ललिता लिमये व वैजयंती काळे यांच्या कामात शोधावे लागते. वितळलेल्या पेशींपैकी किती जिवंत आहेत, एवढ्या मोजणीवर न थांबता त्यांनी रक्त घडविणाऱ्या मूलपेशींची कार्यक्षमता तपासली, आणि गोठवण-वितळणीत निर्माण होणाऱ्या घातक ऑक्सिजन-संयुगांवर उपाय म्हणून कॅटलेज हे विकर व ट्रेहॅलोज ही शर्करा नेहमीच्या द्रावणात मिसळल्यास पेशींची पृष्ठभागावरील रेणुरचना, स्थलांतराची क्षमता व चिकटण्याचा गुण अधिक शाबूत राहतो, असे २००० नंतरच्या दशकात दाखविले.

रोगप्रतिकारक पेशींच्या बाबतीत जिवंत असणे आणि कार्यक्षम असणे यांतला भेद अधिकच निर्णायक ठरतो. पुण्याजवळच्या भोसरीतील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत २००५ मध्ये एचआयव्ही-लशीची देशातील पहिली मानवी चाचणी सुरू झाली. अशा चाचण्यांत निरनिराळ्या भेटींत घेतलेले नमुने गोठवून पुढे एकत्रच तपासण्याची सोय असते, पण वितळलेली पेशी जिवंत असूनही लशीतील घटकाला प्रतिसाद देण्याची शक्ती गमावून बसलेली असेल, तर तपासणीत तो दोष साठवणीच्या नव्हे, लशीच्या नावावर जमा होतो.