आरोग्यातील नवे प्रयोग आणि त्यांचा पैसा : भिलाई, दल्ली राजहरा, गडचिरोली

प्रस्तावना

विकसनशील देशांतील आरोग्याची चर्चा बहुधा 'निधी किती?' या प्रश्नापाशी थांबते. इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी तीन प्रश्न विचारावे लागतात. पैसा कोणी दिला? कोणता प्रश्न सोडवण्यासाठी दिला? आणि पुढे दरवर्षीचा खर्च कोणी उचलला? या पाठात आपण छत्तीसगड आणि त्याला लागून असलेला महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्हा येथील अनुभवांवरून हे प्रश्न तपासू.

१. भिलाई : परकीय कर्ज आणि पोलाद

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाई पोलाद कारखान्याचा करार झाला. कर्जाचा व्याजदर अडीच टक्के होता आणि परतफेड बारा वार्षिक हप्त्यांत करायची होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. अवजड उद्योग उभे राहिले की रोजगार वाढेल आणि दारिद्र्य हटेल, ही त्या काळाची धारणा होती. कायम कामगारांच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी ठरली. त्यांना घर, शाळा आणि दवाखाना मिळाला.

या कारखान्याला लोहखनिज मिळे ते दल्ली राजहराच्या खाणींतून. तेथे हाताने खनिज फोडणारे व वाहणारे हजारो मजूर ठेकेदारांकडे कामाला होते. त्यांत आदिवासी व स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. कायम कामगारांच्या सोयी त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत. म्हणजे एकाच गुंतवणुकीने काहींचे दारिद्र्य कमी केले आणि काहींना दाराबाहेर ठेवले.

२. दल्ली राजहरा : मजुरांची वर्गणी

१९७७ साली या मजुरांनी 'छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ' स्थापन केला. शंकर गुहा नियोगी त्याचे नेते होते. त्याच वर्षी २ व ३ जूनला झालेल्या पोलीस गोळीबारात अकरा जणांचा मृत्यू झाला. पुढे संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात उपचारांअभावी दगावल्या. त्यानंतर मजुरांनी स्वतःचे रुग्णालय उभारण्याचे ठरवले.

१९८२ मध्ये दवाखाना सुरू झाला आणि ३ जून १९८३ रोजी 'शहीद रुग्णालय' उघडले. पैसा आणि श्रम दोन्ही मजुरांचे होते. सरकारी किंवा परदेशी अनुदान घेतले नव्हते. विनायक सेन, शैबाल जाना यांच्यासारखे डॉक्टर तेथे कामाला आले आणि मजूर कुटुंबांतील माणसे आरोग्यसेवक म्हणून तयार झाली. अनावश्यक इंजेक्शने आणि टॉनिके टाळणे, जुलाबावर घरचे मीठ-साखर-पाणी देणे यावर त्यांनी भर दिला. शिवाय वाढलेली मजुरी दारूत जाऊ नये म्हणून संघटनेने दारूबंदीची मोहीमही चालवली.

आजारपणात घरातली मिळकत थांबते आणि त्याच वेळी खर्च वाढतो. सावकाराकडे जाण्याची वेळ अनेकदा अशीच येते. म्हणून स्वस्त उपचार हा दारिद्र्यनिवारणाचाच भाग ठरतो. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची भिलाईत हत्या झाली. त्यांच्यानंतरही रुग्णालय चालू राहिले.

३. गडचिरोली : संशोधनासाठी निधी

वर्गणीतून रुग्णालय चालते, पण अनेक वर्षांची चाचणी घेणे कठीण असते. त्यासाठी वेगळा पैसा लागतो. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेला मॅकआर्थर आणि फोर्ड या अमेरिकी प्रतिष्ठानांचे साहाय्य मिळाले. प्रश्न मात्र गावातला होता : रुग्णालय दूर असताना नवजात बाळ घरीच कसे वाचवायचे?

३९ गावांत स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. बाळ उबदार ठेवणे, वजन करणे, श्वास सुरू करून देणे आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणे ही कामे त्या करू लागल्या. सुरुवातीला दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६२ नवजात बाळे दगावत. १९९७-९८ पर्यंत हे प्रमाण सुमारे २५ वर आले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात प्रसिद्ध झाले. येथे परदेशी निधीने केलेले मुख्य काम म्हणजे पुरावा उभा करणे.

४. प्रयोगाकडून धोरणाकडे

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले. २००२ मध्ये राज्य सरकार आणि स्वयंसेवी संस्था यांनी 'मितानिन' कार्यक्रम सुरू केला. छत्तीसगडी बोलीत मितानिन म्हणजे जिवाभावाची मैत्रीण. प्रत्येक पाऱ्याने, म्हणजे वस्तीने, आपली मितानिन निवडायची होती. हा अनुभव २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील 'आशा' योजनेला उपयोगी पडला. २०११ मध्ये गडचिरोलीच्या धर्तीवर नवजात बाळाच्या घरभेटी आशांच्या कामात आल्या.

पण सुरुवातीच्या मितानिनींना वेतन नव्हते आणि आशांनाही मुख्यतः कामागणिक मोबदला मिळतो. गरीब बाईच्या अल्प मोबदल्याच्या श्रमावर कार्यक्रम 'स्वस्त' ठरत असेल, तर खर्चाचा काही भाग तीच उचलत असते. हिशेबात तो दिसत नाही एवढेच.

सारांश

कर्ज, वर्गणी, देणगी आणि सरकारी तरतूद यांची कामे वेगवेगळी आहेत. वर्गणीमुळे प्रश्न लोकांच्या हाती राहतो, देणगीतून पुरावा उभा राहू शकतो आणि देशभर सेवा पोचवणे सरकारी तिजोरीलाच शक्य असते. यांपैकी एकच पुरेसा मानला, की कोणीतरी बाहेर राहते.

स्वाध्याय

१. भिलाईतील गुंतवणुकीचा लाभ सर्व कामगारांना समान का मिळाला नाही?
२. शहीद रुग्णालय आणि गडचिरोलीचा प्रयोग यांच्या अर्थव्यवस्थेची तुलना करा.
३. तुमच्या गावातील किंवा वॉर्डातील आशांशी बोलून त्यांचे काम आणि मोबदला यांची नोंद करा.