घाटाचा इतिहास कोण लिहिणार?

जुन्नर-आंबेगावात गावोगावच्या यात्रा आणि बैलगाडा ही जोडी जुनीच. घाटात बारी सुटते, घोडी पुढे धावते आणि काही सेकंदांत निकाल लागतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी आणली. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, तरी परवानगी डिसेंबर २०२१ मध्येच मिळाली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. बैलाचे हाल होऊ नयेत ही अट कायम आहे आणि ती रास्तच आहे.

कोर्टातला इतिहास कागदावर आला. बैल सांभाळणाऱ्यांचा इतिहास मात्र अजून म्हाताऱ्यांच्या तोंडीच आहे. गावातल्या मुलांनी वही घेऊन त्यांच्यापाशी बसायला हवं. उशीर झाला तर विचारायचं कुणाला?