प्रारंभिक स्मृति-परीक्षेचा प्रसार : लिनक्स कर्नेलच्या इतिहासातील एक प्रकरण

धाराशिव जिल्ह्यात, किंबहुना एकंदर मराठवाड्यात, जोंधळा जमिनीखालील पेवात साठविण्याची जुनी रीत होती. पेवात ओल असल्यास ती धान्य भरण्यापूर्वीच कळणे अगत्याचे. मागाहून कळून उपयोग नसे. संगणकाच्या स्मृतीलाही हाच न्याय लागू पडतो. सदोष स्मृतीत ठेवलेला मजकूर निमूटपणे बिघडतो आणि दोष मात्र आज्ञावलीच्या माथी मारला जातो.

या अडचणीवर लिनक्स कर्नेलमध्ये २००८ साली यिंगहाय लू यांनी एक उपाय योजिला. यंत्र सुरू होताच, स्मृतीचे वाटप होण्यापूर्वी, तिच्या मोकळ्या भागांत बिटांचे ठरावीक नमुने लिहावयाचे, ते परत वाचावयाचे, आणि जेथे मेळ बसणार नाही तो भाग राखीव ठरवून वापरातून वगळावयाचा, अशी ही योजना होती. पुढे नमुन्यांची संख्या १७ झाली. तथापि ही सोय एक्स८६ प्रक्रियकांपुरतीच मर्यादित राहिली.

हे बंधन तत्त्वतः अटळ नव्हते. लिहिणे, वाचणे व ताडून पाहणे या क्रिया कोणत्याही यंत्रावर सारख्याच होत. अडसर होता तो सदोष भाग राखून ठेवण्याच्या पद्धतीचा. ती यंत्रागणिक भिन्न होती. पॉवरपीसीसाठी रचलेल्या एका व्यवस्थेला २०१० साली ‘मेमब्लॉक’ हे नाव मिळाले व एक्स८६नेही ती स्वीकारली. अशा रीतीने सामायिक भूमी तयार झाल्यावरच २०१५ साली व्लादिमिर मुरझिन यांना परीक्षेची संहिता एक्स८६च्या दालनातून काढून सर्वसामान्य स्मृतिविभागात नेता आली. एआरएम व त्याची ६४ बिटांची शाखा यांना तिचा लाभ लिनक्स ४.१ पासून मिळाला. म्हणजे एक्स८६वर उपजलेली सोय इतरत्र पोहोचली ती पॉवरपीसीकडून आलेल्या साधनाच्या आधारे, ही गोष्ट इतिहासदृष्ट्या लक्षणीय आहे.

परंतु संहिता सामायिक झाली म्हणजे परीक्षा सर्वत्र होऊ लागली, असे नव्हे. प्रत्येक शाखेने सुरुवातीच्या टप्प्यात तिला पाचारण करणे आवश्यक होते. ज्या शाखा तसे करीत नसत, तेथेही हा पर्याय निवडता येई. वापरणारा परीक्षेची आज्ञा देई, आणि प्रत्यक्षात काहीच घडत नसे. परीक्षा नसण्याहून परीक्षा झाल्याचा भ्रम अधिक घातक होय. २०२१ साली अंशुमन खंडुआल यांच्या दुरुस्तीने हा पर्याय परीक्षा खरोखर करणाऱ्या सहा शाखांपुरताच ठेवला : एआरएम, तिची ६४ बिटांची शाखा, मिप्स, पॉवरपीसी, एक्स८६ व एक्सटेन्सा. २०२३ साली सदोष स्मृतीचे परिमाणही चालू यंत्रात वाचता येऊ लागले.

वरवर पाहता २०२१ची दुरुस्ती प्रसाराला खीळ घालणारी वाटते. वस्तुतः तिनेच प्रसाराला अर्थ दिला. सोय सार्वत्रिक करणे म्हणजे तिचे नाव सर्वत्र पोहोचविणे नव्हे. जेथे नाव आहे तेथे कृतीही आहे, याची हमी देणे होय.