देणगीचे पुस्तक व मुलाची बोली

शालेय पुस्तकांतील मजकुराची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. त्यांचा खर्च कोणी सोसला, याचा विचार त्या मानाने थोडा. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या खेड्यातून पाहिले असता हा दुसरा विचार अधिक निकडीचा वाटू लागतो.

१८२२ साली एल्फिन्स्टनच्या पुढाकाराने मुंबईत शाळा व शालेय पुस्तके यांसाठी जी संस्था निघाली, ती वर्गणी आणि सरकारी साहाय्य यांवर चाले. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ (१८२८) त्याच खटपटीचे फळ होय. ही पुस्तके शिष्ट मराठीत झाली, आणि वर्गणीदारांना त्यात वावगे वाटण्याचे कारण नव्हते. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी, शेतकऱ्याकडून येणारा महसूल वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर खर्ची पडतो, अशी तक्रार नोंदविली. ती पैशापुरती होती खरी. परंतु ज्याच्या हाती पैसा, त्याच्याच भाषेचे पुस्तक, हा अर्थ तीतून सहज निघतो.

खाजगी प्रकाशकांच्या वाचनमालांचा काळ सरून १९६७ साली ‘बालभारती’ स्थापन झाली व पुस्तके स्वस्त झाली. हे कार्य मोठेच. तथापि नंदुरबार जिल्ह्यात मुलाच्या तोंडी पावरी, मावची, अहिराणी किंवा गुजरी असते आणि पहिलीच्या पुस्तकात प्रमाण मराठी. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाने १९०७ च्या खंडात भिल्ल बोली व खानदेशी यांचे नमुने सरकारी खर्चाने छापले होते. ते अर्थात मुलांसाठी नव्हते!

२०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास देणे भाग पाडले. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये शाळा दत्तक देण्याची योजना काढली. तीत ग्रामीण शाळेसाठी पाच वर्षांस पन्नास लाख व दहा वर्षांस एक कोटी रुपये मूल्य ठरले. रोख रकमेऐवजी वस्तू व सेवा घ्यावयाच्या होत्या, आणि दात्याचे नाव शाळेस जोडण्याची मुभा होती. या नावाकडे लक्ष सहज जाते. प्रस्तुत लेखकास ‘वस्तू’ हा शब्द अधिक अर्थपूर्ण वाटतो. फळा, संगणक, दप्तर या वस्तू दाखविता येतात, मोजता येतात. मावचीचे पहिले वाचनपुस्तक तसे दाखविता येत नाही. त्यासाठी आधी लेखनपद्धती ठरवावी लागते, गावोगावचे उच्चारभेद तपासावे लागतात, ती बोली जाणणारा शिक्षक नेमावा लागतो, पुस्तक वर्गात वापरून सुधारावे लागते. आणि एवढे करून प्रती थोड्याच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील २९ वे कलम शक्य तेथवर मातृभाषेतून शिकविण्यास सांगते. ‘शक्य तेथवर’ म्हणजे कोठवर, हे अखेर अंदाजपत्रकच ठरविते.

येथे दात्यांना दोष देण्याचा हेतू नाही. नर्मदाकाठच्या जीवनशाळाही लोकांच्या मदतीवरच उभ्या राहिल्या, आणि तेथे पावरीतील कथा मुलांसाठी पुस्तकरूप झाल्या. मात्र तेथे कोणते पुस्तक हवे, हे ठरविणारांत पावरी बोलणारे स्वतः होते.