पाण्याची साक्ष : नारूपासून क्रेफिशच्या साथीपर्यंत

मिरजगाव ज्या कर्जत तालुक्यात वसले आहे तो अवर्षणप्रवण होय. अशा प्रदेशात जी विहीर गावास जगविते, तिच्याच पाण्यावर संशय घेणे माणसास सहसा सुचत नाही. पाण्यातील रोग ओळखण्याचा इतिहास पाहताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

महाराष्ट्रास याचा परिचय नारूने करून दिला. पायऱ्यांच्या विहिरीत रोग्याचा पाय बुडाला की जंताची पिल्ले पाण्यात उतरत. सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म कवचधारी जीव ती गिळी. आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून सुमारे वर्षाने जंत बाहेर पडे. विहिरीचा दोष असा वर्षभराने, तोही माणसाच्या देहावर, उमटत असे. भारतात १९८३-८४ मध्ये निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला, व फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला.

युरोपातील क्रेफिशची कथा याहून फारशी निराळी नाही. नांग्या असलेला हा गोड्या पाण्यातील कवचधारी प्राणी मूळचा भारतातील नसल्याने मराठीत त्यास शब्द नाही. १८५९-६० च्या सुमारास इटलीतील लोंबार्दीत त्याची मरी सुरू झाली आणि पुढे ती खंडभर पसरली. तिचे कारण अफॅनोमायसिस अस्टासी हा बुरशीसदृश जीव. अमेरिकी क्रेफिश तो अंगी वागवूनही सहसा मरत नाहीत. युरोपीय मात्र मरतात. म्हणून नॉर्वेत पिंजऱ्यात देशी क्रेफिश ठेवून ते मरतात की काय, हे पाहिले जाई. येथेही साक्षीदार बळी जाई.

अलीकडे पाणी गाळून गाळणीवर उरलेल्या अंशातील डीएनए तपासतात. रोगजंतू, त्याचा वाहक आणि त्याचे भक्ष्य या तिघांचाही माग एकाच नमुन्यातून लागू शकतो. तथापि या पुराव्याची मर्यादा भाषाभ्यासकास परिचित आहे. शिलालेखात शब्द सापडला नाही म्हणून तो बोलीत नव्हता असे ठरत नाही; तसेच नमुन्यात डीएनए न मिळाल्याने पाणी निर्दोष ठरत नाही, आणि मिळाल्याने रोगजंतू जिवंत असल्याचे सिद्ध होत नाही.

हा विषय आपल्यास दूरचा नव्हे. याच प्रजातीतील अफॅनोमायसिस इन्व्हाडन्स गोड्या पाण्यातील माशांना व्रण आणतो. भारतात त्याचा उपद्रव १९८८ मध्ये नोंदला गेला. बळी पडण्यापूर्वी पाण्याची साक्ष घेणे आता शक्य झाले आहे. ती वेळेवर घेणे हे आपले काम आहे.