पंधरा इंचांची वाट

माथेरानची आगगाडी प्रथमच पाहणाऱ्यास ती खेळण्यासारखी वाटल्यावांचून राहात नाहीं. तिच्या दोन रुळांमधील अंतर २ फूट आहे. इंग्लंडच्या वायव्येस समुद्रकांठीं असलेल्या रॅव्हनग्लास गांवापासून एस्कडेल खोऱ्यांत शिरणारी एक आगगाडी मात्र अवघ्या १५ इंचांच्या मार्गावर धांवते. ही गाडी खेळणें म्हणून आली आणि टिकली, याचें रहस्य तिच्या रुळांखालीं आहे.

हा मार्ग मुळांत खेळासाठीं बांधलेला नव्हता. खोऱ्यांतील लोहखनिज बंदराकडे आणण्यासाठीं १८७५ सालीं तेथें ३ फुटी रूळ टाकण्यांत आले. पुढल्या वर्षीं उतारूंचीही ने-आण सुरू झाली. परंतु १८७७ सालींच कंपनीचें दिवाळें निघालें. कशीबशी चालत राहिलेली ही गाडी १९०८ सालीं उतारूंना आणि १९१३ सालीं मालालाही बंद झाली. सुमारें ७ मैलांची वाट गवतांत पडून राहिली.

इकडे डर्बीशायरमध्यें सर आर्थर हेवुड नांवाच्या गृहस्थानें डफील्ड येथील आपल्या घराच्या आवारांत १८७४ पासून १५ इंची मार्ग उभारण्यास आरंभ केला होता. जेथें घोडागाडी अपुरी पडते आणि मोठी आगगाडी परवडत नाहीं, तेथें असा मार्ग उपयोगी पडेल, हें त्याला सिद्ध करावयाचें होतें. सैन्याला तो पटला नाहीं. वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकनें मात्र आपल्या ईटन हॉल येथील जमिनीवर त्याच्याकडून तसा मार्ग करवून घेतला. १९१६ सालीं हेवुड वारला.

त्याच्या आदल्याच वर्षीं, म्हणजे १९१५ सालीं, आगगाड्यांच्या छोट्या प्रतिकृति बनविणारा नॉर्दम्प्टनचा बॅसेट-लोक आणि त्याचे सहकारी यांनीं रॅव्हनग्लासची ओसाड वाट हातीं घेतली व रुळांमधील अंतर १५ इंचांवर आणण्यास सुरुवात केली. त्यांचें इंजिन मोठ्या इंजिनाची हुबेहूब प्रतिकृति होतें. तें देखणें खरें, पण डोंगराळ वाटेवरील रोजच्या कामाला पुरें पडेना. तेव्हां हेवुडच्या पश्चात् त्याचीं बेढब पण कणखर इंजिनें तेथें आणण्यांत आलीं. त्यांतील ‘म्यूरिएल’चें १९२७ सालीं नूतनीकरण होऊन तिला ‘रिव्हर अर्ट’ हें नांव मिळालें. ती अद्यापि त्या मार्गावर आहे.

लहान मार्गाला पाया कमी लागतो, ही समजूत चुकीची आहे. मोठ्या मार्गावर रुळांमधील अंतर ५६॥ इंच असतें. तेथें एक रूळ अर्धा इंच खचला तर गाडी ११३ स १ या प्रमाणांत कलते. १५ इंची मार्गावर तीच चूक ३० स १ होते, म्हणजे जवळजवळ चौपट. म्हणून रुळांखालीं गोल गोटे चालत नाहींत. ते एकमेकांवरून निसटतात. फोडलेल्या खडीचे कोन परस्परांत गुंततात, स्लीपरवरील ओझें पसरवितात आणि पाणी खालीं निचरूं देतात. पाणी साचलें कीं माती मऊ पडते, लांकूड कुजतें आणि वाट वांकडी होते. रॅव्हनग्लासला ३ फुटी गाडीसाठीं केलेले भराव व खोदकाम आयतेंच मिळालें. ज्या बैठकीवर मोठी गाडी पोसली नाहीं, तिच्यावर लहान गाडीला ऐसपैस जागा झाली.

१९२२ पासून बेकफुट येथील खाणींतील ग्रॅनाइट ही गाडी वाहूं लागली. १९२९ सालीं तर मर्थवेटच्या खडी-कारखान्यापासून रॅव्हनग्लासपर्यंत याच वाटेवर, १५ इंची रुळांच्या दोहों बाजूंस, मोठ्या गाडीचे रूळ घालण्यांत आले. खाण १९५३ सालीं बंद पडली. १९६० सालीं सारा मार्ग लिलांवांत निघाला, तेव्हां त्याच्या चाहत्यांनीं वर्गणी जमवून आणि धनिकांचें साहाय्य घेऊन तो सोडविला.

आज त्या गाडींत लोखंड नाहीं कीं दगड नाहीं. माणसें हौसेनें बसतात. त्यांची दृष्टि इंजिनाकडे असते. त्या इंजिनाला मात्र दीडशें वर्षांपूर्वीं खाणीसाठीं घातलेला तोच भराव अजून तोलून धरीत आहे.